न आलेला पुतण्या

मी पहिला आलो. ‘हशाची शर्यत’ नावाच्या टीव्हीवरच्या स्पर्धेत, पुण्यात, भरलेल्या सभागृहासमोर, पहिला. ढालीएवढी ट्रॉफी मिळाली. गुच्छ मिळाला, त्यातल्या फुलांना वास नव्हता.

पण ते आता विसरा. असं काही झालंच नाही असं धरून चला. मीही तसंच धरून चालतो. सवयीने जमतं.

तर सकाळ आहे. मी विंगेत उभा आहे आणि वाहिनीच्या ऋतुजा मॅडम माझ्या शर्टाला माइक लावतायत. स्पर्धा त्यांचीच. कुणी काय बोलायचं, कधी बोलायचं, सगळं त्या ठरवत.

“सुगत, एकच लक्षात ठेव,” त्या म्हणाल्या. “तू जसा आहेस तसाच राहा.”

“बरं.”

“फक्त शर्ट बदल.”

“काय झालं शर्टाला?”

“फार चांगला आहे. तू नागपूरच्या इंदोऱ्याच्या वस्तीतून आलायस ना? तसं वाटत नाही.”

“इंदोऱ्यात मी हाच घालतो, मॅडम.”

“हो रे, पण ते प्रेक्षकांना माहीत नाही ना!”

बाई वाईट नव्हत्या. नागपुरात विहाराच्या मैदानावर चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात मी केलेले विनोद त्यांनी मोबाइलवर पाहिले होते आणि स्वतः फोन करून मला बोलावलं होतं. “तुझ्यात खरेपणा आहे,” त्या फोनवर म्हणाल्या होत्या, “आणि खरेपणा सध्या चालतोय.” जणू आंब्यासारखा त्याचाही मोसम असतो.

स्पर्धेची रीत साधी होती. एक फेरी सकाळी, दुसरी जेवणानंतर. स्टेजच्या कडेला एक हास्यमापक उभा केला होता. माणसाएवढा उंच खांब आणि त्यावर दिवे. लोक हसले की दिवे खालून वर चढायचे. दोन्ही फेऱ्या मिळून ज्याचे दिवे सगळ्यांत वर, तो वर्षभर दर शनिवारी टीव्हीवर. बाकीच्यांनी आपापल्या गावी जाऊन जमेल ते करायचं. मला जमण्यासारखं म्हणजे भाऊजींचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. वाढदिवसाच्या बोर्डावर शुभेच्छुकांचे चेहरे गोल कापून बसवायचे.

मी सांगणार होतो ती गोष्ट माझी नव्हतीच. ती पंचफुला आत्याची होती. आत्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, आता निवृत्त. तिच्या तरुणपणी घडलेली ही गोष्ट ती प्रत्येक लग्नात, बारशात, आणि लोक फार रडायला लागले तर मयतीतही सांगायची. मी ती ऐकतच मोठा झालो. म्हणून तिला सोबत आणलं होतं. सभागृहाच्या शेवटच्या रांगेत ती मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

“काऊन बे, मले मागं बसवलं?” जाताना तिने विचारलं होतं.

“हे लोक ठरवते, आत्या.”

“असू दे. माह्या हासन्याले लांबी लागतेच.”

ते खरं होतं. आत्याचं हसू जुन्या लुनासारखं सुरू व्हायचं. आधी दोनदा नुसतीच हवा, तिसऱ्यांदा पकडायचं, आणि मग पेट्रोल संपेपर्यंत थांबायचं नाही.

ऋतुजा मॅडम स्टेजवर गेल्या. माझ्या आधीच्या मुलाची ओळख त्यांनी ‘धमाल’ अशी करून दिली होती. माझी वेळ आली तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. “यानंतर येणारा आवाज,” त्या म्हणाल्या, “आपल्याला अंतर्मुख करणार आहे.”

सगळं सभागृह खुर्चीत सरळ झालं. काहींनी पायावरचा पाय काढून खाली ठेवला.

मी सुरू केलं. “माझ्या आत्याची नागपूरहून पुण्याला बदली झाली. ती भाड्याची खोली बघायला गेली. घरमालकांनी बसवलं, विचारलं, आडनाव काय? आत्या म्हणाली, टेंभुर्णे. आता मालकांची पंचाईत. हे आडनाव त्यांच्या ओळखीचं नाही, आणि जात सरळ विचारायची तर ते सुसंस्कृतपणात बसत नाही. मग त्यांनी लांबून फेरा मारला. कुलदैवत कोणतं? गणपती किती दिवसांचा बसतो? आमटीत गूळ घालता का? तास गेला. मालकांच्या कपाळावर घाम आला. शेवटी आत्यालाच त्यांची दया आली. तिने पर्समधून जातीचा दाखला काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, दमले असान काका. हे घ्या. तहसीलदाराची सही हाये.”

इंदोऱ्यात या वाक्याला एक माणूस हसता हसता खुर्चीसकट मागे पडला होता आणि पडल्या जागेवरून ओरडला होता, “पुढं सांग बे, मी ऐकून रायलो!”

पुण्यात पहिल्या रांगेतल्या बाईंनी रुमाल काढला.

मी हास्यमापकाकडे पाहिलं. सगळ्यांत खालचा दिवा एकदा लुकलुकला. कुणीतरी खोकलं होतं.

मग शेवटच्या रांगेतून आवाज आला. एकदा हवा, दोनदा हवा, आणि लुना पकडली. त्यासरशी तिच्या पुढच्या रांगेतल्या बाई मागे वळल्या. सभागृह इतकं शांत होतं की मला स्टेजवर शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“अहो, हसताय काय? केवढा गंभीर विषय चाललाय!”

“गंभीर? बाई, ते आत्या मीच हाओ!”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले. “ग्रेट आहात तुम्ही,” असं म्हणून त्या पुन्हा पुढे वळल्या.

लुना बंद पडली. जन्मात पहिल्यांदा मी आत्याला मध्येच हसणं थांबवताना पाहिलं.

मी घाईघाईने पुढे निघालो. “दाखला पाहून मालक म्हणाले, छे छे, आम्ही असलं काही मानतच नाही! फक्त ही खोली माझ्या पुतण्यासाठी ठेवलीय. तो पुढच्या महिन्यात अमेरिकेहून...”

तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ उभे राहिले. पांढरा झब्बा, चष्म्याला दोरी.

“मला दोन शब्द बोलायचे आहेत,” ते म्हणाले.

मला पुढे कळलं की पुण्यात ‘दोन शब्द’ म्हटलेल्या माणसाला कुणी अडवू शकत नाही. माझ्या डोळ्यांदेखत एक माइक कुणाच्या तरी हातातून निघाला, माणसांच्या डोक्यांवरून सरकत सरकत त्यांच्यापर्यंत गेला.

“मी विनायक खांबेटे, निवृत्त अभियंता. मी त्या घरमालकाच्या वतीने, आणि एकूणच, या तरुणाची जाहीर माफी मागतो.”

टाळ्या.

“काका, माफ केलं,” मी म्हटलं, “पण गोष्ट संपायची आहे अजून.”

“संपलीच पाहिजे!” खांबेटे काका गरजले. “अशा गोष्टी आता या देशातून संपल्याच पाहिजेत!”

आणखी मोठ्या टाळ्या. पाचव्या रांगेतल्या एका गृहस्थांनी उठून माफीला अनुमोदन दिलं. डाव्या बाजूच्या एक बाई म्हणाल्या, माफीत महिलांचाही स्वतंत्र उल्लेख हवा. तो करण्यात आला. तेवढ्यात माझी वेळ संपल्याची घंटा झाली आणि सगळं सभागृह उभं राहिलं. खूप वेळ लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. हास्यमापक टाळ्या मोजत नाही.

विंगेत ऋतुजा मॅडमचे डोळे लाल झाले होते.

“सुगत, काय झालं हे! मी असं काही बघितलं नव्हतं!”

“कुणीच हसलं नाही मॅडम.”

“हो ना! एकसुद्धा माणूस नाही!”

“मग मीटर?”

“मीटर शून्य,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. मग एकदम कामाच्या आवाजात बोलू लागल्या. “हे बघ, दोन रस्ते आहेत. दुसऱ्या फेरीत सगळ्यांचं असतं ते कर. पार्किंग, बायको, डाएट. तू ते छान करशील, मीटर चढेल, पहिल्या तिघांत येशील. नाहीतर हेच पुढे ने, पण मग नीट ने. थांबून थांबून बोल. वाक्य झालं की खाली बघ. त्याचं मी वेगळं काहीतरी करते. रविवारी सकाळी भक्तिसंगीत संपतं, त्यानंतर दहा मिनिटं रिकामी असतात.”

“आणि हेच केलं आणि लोक हसले तर?”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “सुगत, ते चांगले लोक आहेत. ते नाही हसणार.”

आत्या मागच्या अंगणात, जेवणाच्या मांडवात बसली होती. पुढ्यात साबुदाण्याची खिचडी.

“साखर हाये बे हिच्यात,” ती म्हणाली. “हे बी माफी मांगून रायली का?”

मी हसलो. ती हसली नाही. मी तिला दोन्ही रस्ते सांगितले. तिने एक दाणा उचलला, पाहिला, परत ठेवला.

“पार्किंगचं सांगजो,” ती म्हणाली. “वर्षभर टीव्हीवर दिसशीन. भाऊजीच्या दुकानात बसशीन तं लोकायचे मुंडकेच कापशीन.”

“तुह्या गोष्टीचं काय मंग?”

“काय होते तिचं? म्यातारी झाली आता ते.”

तिने खिचडी बाजूला सारली. मग माझ्याकडे न बघता बोलली.

“सुग्या, ते बाई माह्यापुढं हात जोडून गेली ना, तवा मले वाटलं मी मेली. हात जोडाले माणूस मराव लागते. मी ते खोली नाई भेटली तवा एक रात्र रडली असन. दुसऱ्या दिवसापासून जे हासत आली ते आजपर्यंत. इथं अर्ध्या घंट्यात या लोकायनं माही गोष्ट मले रडकी करून परत देली. आता मी नागपूरले जाऊन कोनाले सांगू ते? सांगताना मलेच रडू आलं तं?”

“मी काय करू, आत्या?”

“मले काय विचारतं! विनोदी तू हाय का मी?”

घंटा झाली. मी हात धुवायला गेलो आणि नळाखाली बराच वेळ हात धुतले.

दुसऱ्या फेरीत मी पार्किंगपासूनच सुरुवात केली. लपवण्यात अर्थ नाही. डेक्कनवर गाडी लावायला जागा शोधता शोधता माणूस साताऱ्याला पोचतो, वगैरे. हसले. मनापासून हसले. हास्यमापक कमरेपर्यंत चढला, विंगेत ऋतुजा मॅडमनी अंगठा वर केला. मग मी डाएटवर गेलो. दिवे छातीपर्यंत आले. खांबेटे काका तर गुडघ्यावर थाप मारत होते. मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. आत्या मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “बरं, ते पुतण्याचं राहिलंच की.”

क्षणात सभागृहाचा चेहरा बदलला. पाय पायांवरून उतरले. रुमाल निघाले. हास्यमापक दोर कापलेल्या बादलीसारखा खाली आला.

“तर मालक म्हणाले, खोली पुतण्यासाठी आहे, अमेरिकेहून येतोय. आत्या म्हणाली, बरं झालं, येऊ द्या. आणि तिने समोरच्याच चाळीत खोली घेतली. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाताना खालून हाक मारली, काका, पुतण्या आला का? मालक म्हणाले, येतोय, येतोय. तिसऱ्या दिवशी, काका, पुतण्या आला का? आता मालकांची अशी गोची की खोली दुसऱ्या कुणाला दिली तर खोटं उघडं पडतं. म्हणून खोली रिकामी. वर्ष गेलं. मग एक दिवस त्या खोलीच्या दांडीवर शर्ट वाळत घातलेला दिसला. आत्या म्हणाली, आला वाटते! मालक म्हणाले, आला होता, कामाला गेलाय. पुढची कितीतरी वर्षं तो एकच शर्ट दर रविवारी वाळत असायचा. न घालता विटला.”

कुणी हसलं नाही, पण काहीतरी झालं होतं. लोकांचे चेहरे शिंक अडवल्यासारखे झाले होते. पहिल्या रांगेतल्या बाईंनी रुमाल डोळ्यांवरून तोंडावर आणला.

“दिवाळीला आत्याने पुतण्यासाठी चिवडा दिला. डबा रिकामा परत आला. त्याला फार आवडला हो! पुढे आत्याने त्याच्यासाठी स्थळ आणलं. मुलगी पोस्टात होती. आता मात्र मालक घाबरले. आणि अकराव्या वर्षी त्यांनी पुतण्याला मारून टाकलं. महिन्यासाठी परत अमेरिकेला गेला होता, तिथेच. हार्टफेल. आत्याने अर्धा दिवस रजा टाकली, पांढरं पातळ नेसली, त्या रिकाम्या खोलीत जाऊन बसली आणि तिने असा हंबरडा फोडला की मालकीणबाईंना रडावं लागलं. मग मालकही रडले. खरे रडले. इतक्या वर्षांत त्यांना त्याची सवय झाली होती. तेराव्याला त्यांनी आत्याला जेवायला बोलावलं. आत्या पहिल्यांदा त्या घरात पाटावर बसून जेवली. आणि भात कालवता कालवता तिने हळूच विचारलं, काका, मंग आता तं खोली रिकामी झाली असन ना?”

मला माझ्या शर्टावरच्या माइकची खरखर ऐकू येत होती. खांबेटे काका उठायला लागले. गुडघ्यांवर हात, चष्म्याची दोरी हलतेय, माइक पुन्हा डोक्यांवरून निघालेला.

“मला दोन शब्द...”

त्यांच्या शेजारच्या बाईंनी, म्हणजे कुमुदताई खांबेट्यांनी, त्यांचा झब्बा धरून त्यांना खाली ओढलं. माइक बाईंच्याच हातात आला.

“बसा खाली,” त्या म्हणाल्या. माइक चालू होता. “आपल्याकडेही आहे एक पुतण्या.”

शेवटच्या रांगेतून आत्याचा आवाज आला, “कुठी असते जी तो?”

“कॅनडात!” कुमुदताईंनी मान वळवून सांगितलं.

“येते का?”

“येतो येतो म्हणतो!”

“कुमुद,” खांबेटे काका कळवळून म्हणाले, आणि तेही माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं, “तो खरंच येणार होता!”

मग मात्र बांध फुटला. आधी कुमुदताई हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, चाळीस वर्षांचं साठलेलं एकदम. मग तिसरी रांग, मग चौथी. कुणीतरी ओरडलं, “आमचा भाचा आहे, दुबईला!” बाल्कनीतून आवाज आला, “आमची जागा सासूबाईंसाठी ठेवलीय, त्या वारल्यात!” रुमालवाल्या बाई खुर्चीवरून घसरत होत्या. ‘ग्रेट आहात’वाल्या बाई मागे वळून आत्याच्या गुडघ्यावर चापट्या मारत होत्या. आणि त्या सगळ्या गोंधळाच्या वर, एकदा हवा, दोनदा हवा, लुना पकडली. आत्या हसत होती. तिचं थांबलं की सभागृह पुन्हा सुरू व्हायचं, सभागृह थांबलं की ती. हास्यमापकाचे दिवे टोकाला गेले आणि सगळ्यांत वरचा फुटला. खांबेटे काका सर्वांत शेवटी हसले. आधी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, परवानगी कुणाची घ्यायची ते. मग घेतली नाही.

एवढं झाल्यावर ते ट्रॉफीचं झालं, जे झालंच नाही असं आपलं ठरलंय.

कारण शनिवारी आम्ही सगळे आत्याच्या घरी टीव्हीपुढे बसलो. गल्ली भरली होती. मी पडद्यावर आलो, खोलीची गोष्ट सांगितली, दाखल्यापर्यंत आलो आणि खाली पाहिलं. खरं तर मी तेव्हा पाण्याची बाटली शोधत होतो. मागे बासरी सुरू झाली. रुमालवाल्या बाई रडताना दिसल्या, सकाळच्या फेरीतल्या. मग ट्रॉफी. संपलं.

मी ऋतुजा मॅडमना फोन केला.

“अरे, पुतण्याचं ठेवता आलं नाही,” त्या म्हणाल्या. “खांबेट्यांचं पत्र आलं. आणि बाकीचे भाचे वगैरे... प्रेक्षकांच्या भावना असतात.”

“आणि आत्याचं हसणं?”

“ते तर कायदा विभागानेच काढायला लावलं. असल्या विषयावर कुणी हसताना दाखवलं तर तुमच्या समाजाच्या भावना दुखावतील.”

“मॅडम, ती समाजाचीच आहे.”

“मला माहीत आहे रे. पण प्रेक्षकांना ते माहीत नाही ना!”

वर्षभराचे शनिवार मिळाले. बारा केले. प्रत्येकाला बासरी लागली. तेरावा मी केला नाही, आणि विहाराच्या मैदानावर परत गेलो, जिथे लोक खुर्चीसकट पडतात. सामाजिक विषयावर गंभीर व्याख्यानांची आमंत्रणं मात्र अजून येतात. मी जातो. पुतण्याची गोष्ट सांगतो. हल्ली बहुतेक ठिकाणी पहिल्या दहा मिनिटांत कुणाच्या तरी बायकोला हसू फुटतं, मग चालतं काम.

या वर्षी मात्र मी वाहिनीला एक अर्ज केला आहे. त्याची पोच आलेली नाही.

“प्रति, मा. कार्यक्रम प्रमुख यांस. विषय : आपल्या ताब्यातील हसू परत मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, आपल्या कार्यक्रमातून कापून काढलेले, शेवटच्या रांगेतील एका महिलेचे हसू आपल्या संग्रही असण्याची शक्यता आहे. सदर महिला श्रीमती पंचफुला टेंभुर्णे या गेल्या फाल्गुनात वारल्या. अर्जदाराकडे त्यांचे फोटो पुष्कळ आहेत, परंतु फोटो काढताना त्या तोंड घट्ट मिटून घेत असल्याने कामाचे नाहीत. तरी सदर हसू, बासरी वगळून, मूळ लांबीत, मूळ जागी बसवून येत्या शनिवारी रात्री नऊ वाजता संपूर्ण महाराष्ट्रात पुनःप्रक्षेपित करण्यात यावे, व त्या वेळी कोणीही उभे राहू नये अशी सूचना पडद्यावर देण्यात यावी, ही नम्र विनंती.”